आधी फळी, मग फिगर: खेळण्यातल्या फिगर्स जमवायला सुरुवात कशी करावी

ठाण्याच्या नौपाड्यात चाळीत राहायचो तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत मागच्या अंगणात किल्ला व्हायचा. विटा रचायच्या, त्यावर गोणपाट, त्यावर लाल मातीचा चिखल, उतारावर हळीव पेरायचे. मावळे आणायला दादा आणि मी जांभळी नाक्यावर जायचो. प्रत्येक गाडीवरचा मावळा वेगळ्या मापाचा, आणि आम्ही मिळेल तो उचलायचो. मग किल्ल्यावर भालदार बुरुजापेक्षा उंच आणि तोफ गवळणीच्या घागरीएवढी. आई एकदा वाकून बघत म्हणाली, "अरे, हा मावळा त्या दरवाजातून आत शिरणार कसा?"

आता मी ऐरोलीत राहते. गेल्या नऊ वर्षांत साठेक फिगर्स, म्हणजे सिनेमा-कॉमिक्समधल्या पात्रांच्या खेळण्यातल्या छोट्या प्रतिकृती, जमवल्या आहेत. हा छंद सुरू करायचाय म्हणून कोणी विचारलं की मी आईचाच प्रश्न पुढे करते. घरात जागा कोणती, केवढी, आणि तिथे कोणत्या मापाची फिगर बसते? बहुतेक जण आधी फिगर घेतात, मग दुसरी, मग पाचवी, आणि सहा महिन्यांनी टीव्हीखाली, फ्रिजवर, खिडकीच्या कट्ट्यावर पसारा होतो. घरचे वैतागतात आणि सगळं खोक्यात भरून माळ्यावर जातं. आपल्या वन बीएचकेत हे टाळायचं असेल तर सुरुवात फळीपासून करा.

पहिलं काम: टेप घेऊन फळी मोजा

माझी पहिली फळी तीन फूट लांब, नऊ इंच खोल, आणि वरच्या फळीपर्यंत दहा इंच मोकळी होती. सहा इंची फिगर हातपाय जरा पसरून उभी केली की तिला रुंदीला चार इंच लागतात. म्हणजे एका ओळीत नऊ. मागची ओळ दिसावी म्हणून तिच्याखाली दोन-तीन इंचांची पायरी ठेवली की आणखी नऊ. अठरा झाल्या की फळी भरली. हा अठराचा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता, आणि त्यानेच मला कित्येक वेळा दुकानातून रिकाम्या हाताने परत आणलंय. बारा इंची फिगर त्या फळीवर उभीच राहिली नसती. हे दुकानात पैसे मोजण्याआधी कळलेलं बरं.

फळी शक्यतो बंद काचेची घ्या. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना हे सांगायला नको, मेट्रोच्या आणि इमारतींच्या कामाची धूळ तिथे दोन दिवसांत बोटाला लागते. तुर्भ्याला २०२० च्या डिसेंबरात आयकिया उघडल्यापासून तिथून काचेचं उभं कपाट आणणारे बरेच आहेत. पण अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्या जवळच्या कारागिराकडून सरकत्या काचा लावून घेतल्या तर कपाट तुमच्या भिंतीच्या मापाचं होतं. माझं तसंच आहे. काचा घट्ट बसतात, आणि पावसाळ्यात लाकडासारख्या फुगून अडकत नाहीत.

माप म्हणजे काय

खोक्यावर १/१२ असं लिहिलेलं असतं. मूळ माणसाच्या उंचीला बाराने भागा. फूट म्हणजे बारा इंच, त्यामुळे सहा फुटी माणूस १/१२ मध्ये बरोबर सहा इंचांचा होतो. तोच १/१८ मध्ये चार इंच आणि १/६ मध्ये बारा इंच. एवढं गणित आलं की निम्मी चूक टळते.

सांधे हलवता येतात अशा फिगरला 'अ‍ॅक्शन फिगर' म्हणतात. हा शब्द १९६४ साली हॅस्ब्रो कंपनीने 'जी. आय. जो' हा खेळण्यातला सैनिक बाजारात आणताना वापरला, कारण मुलगे 'बाहुली' घेणार नाहीत अशी कंपनीला धास्ती होती. तो जी. आय. जो बारा इंची होता. १९७८ मध्ये केनरने स्टार वॉर्सच्या फिगर्स पावणेचार इंचांच्या काढल्या आणि त्या मापाची वाहनंसुद्धा मुलांच्या हातात मावू लागली. १९८२ मध्ये जी. आय. जो त्याच लहान मापात परत आला. त्याच वर्षी मॅटेलचा ही-मॅन आला, साडेपाच इंचांच्या आसपास, दंड फुगवलेला, कमरेत स्प्रिंग.

आज दुकानात सर्वात जास्त दिसतं ते सहा इंची माप. मार्व्हल लेजेंड्स त्यात येतात. मॅकफार्लेनच्या डीसी फिगर्स मात्र सात इंची असतात. दोन्ही एकाच फळीवर ठेवल्या तर बॅटमॅन शेजारच्या आयर्न मॅनपेक्षा डोकंभर उंच दिसतो आणि नजर सारखी तिथेच अडखळते. बांदाईच्या एस. एच. फिग्युआर्ट्स सहा इंचांच्या जवळपास, पण बांध्याने नाजूक. नेंडोरॉइड आणि फंको पॉप चार इंचांच्या आसपास, मोठ्या डोक्याच्या. त्यांचं जग वेगळं आहे, त्यांना वेगळी फळी द्या. हॉट व्हील्सच्या गाड्या १/६४ म्हणून ओळखल्या जातात खऱ्या, पण खोक्याच्या मापात बसवण्यासाठी ट्रक लहान आणि छोटी गाडी मोठी केलेली असते. तिथे माप काटेकोर धरू नका.

माझा सल्ला: पहिलं वर्षभर एकच माप.

मग विषय ठरवा

विषय इतका लहान धरा की तो एका वाक्यात सांगता यावा. 'मला मार्व्हल आवडतं' हा विषय नाही, त्यात शेकडो फिगर्स आहेत. 'स्पायडर-मॅनचे शत्रू' हा विषय. 'माझ्या लहानपणी टीव्हीवर दिसायचे ते' हाही विषय. ऐरोलीतल्या माझ्या एका शेजारणीने फक्त म्हाताऱ्या पात्रांच्या फिगर्स ठेवल्या आहेत. पांढऱ्या दाढ्या, काठ्या, वाकलेल्या पाठी. अकराच आहेत, पण तिच्याकडे आलेला माणूस त्या फळीपुढून हलत नाही.

दोन गोष्टींपासून सुरुवातीला लांब राहा. एक, 'बिल्ड-अ-फिगर'. मालिकेतल्या प्रत्येक खोक्यात एका मोठ्या फिगरचा हात, पाय किंवा डोकं असतं. सगळी खोकी घेतली की ती मोठी फिगर जुळते. मग तिच्या एका पायासाठी तुम्ही नको असलेली फिगर विकत आणता. दुसरी गोष्ट ब्लाइंड बॉक्स, म्हणजे आत काय आहे ते न दाखवणारा डबा. पॉप मार्ट कंपनीच्या लबुबू बाहुलीने तो घराघरात पोचवला. मालिकेत एखादी 'सिक्रेट' फिगर असते आणि ती फार क्वचित निघते. नव्या माणसाला स्वतःची आवड अजून कळायची असते, आणि या डब्यात आवड बाजूला राहून फक्त उत्सुकता विकली जाते. लबुबू हवीच असेल तर कोणाकडे दुसऱ्यांदा निघालेली, उघडलेली घ्या. हवी तीच मिळेल.

पैशाचं

सहा इंची नामांकित फिगर आपल्याकडे नवी घ्यायची तर साधारण दोन ते साडेतीन हजारांत पडते. हॉट व्हील्सची साधी गाडी दीड-दोनशेत येते. परदेशातल्या किमती मोबाइलवर बघून आपला दुकानदार लुटतो असं वाटतं, पण त्यामागे कारण आहे. खेळण्यांवरचं आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, आणि २०२३ मध्ये ७० टक्के. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. म्हणून कोणतीही मालिका दुकानात कायम मिळेल असं धरू नका.

बाहेरून मागवणार असाल तर पार्सलवर किती शुल्क लागेल ते कुरिअरवाल्यांना आधी विचारून घ्या. शुल्क नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही, पाठवणीचा खर्च धरून लागतं. माझं एक पार्सल दारात आलं तेव्हा माणसाने जी रक्कम सांगितली ती फिगरच्या निम्म्या किमतीएवढी होती, आणि मी पर्समध्ये तेवढे पैसे घेऊन उभी नव्हते.

महिन्याची एक रक्कम ठरवा. एखाद्या महिन्यात काही घेतलं नाही तर ती पुढच्या महिन्यात मिळवा. प्री-ऑर्डर करताना मात्र जपून. आज थोडी आगाऊ रक्कम भरली, आठ महिन्यांनी उरलेली मागितली जाते, आणि अशा चार फिगर्स एकाच महिन्यात येतात.

कुठे बघायच्या

आधी बघा, लगेच घेऊ नका. ठाण्याचे विवियाना (आताचा लेक शोअर) आणि कोरम मॉल, वाशीचा इनऑर्बिट, सीवूड्स स्टेशनवरचा मॉल, इथल्या खेळण्यांच्या दुकानांत एक-दोन रविवार नुसतं फिरा. खोकं हातात घ्या, खिडकीतून चेहऱ्याचा रंग बघा. एकाच फिगरची चार खोकी असतील तर चारही शेजारी ठेवा. डोळे यंत्राने छापलेले असले तरी एखाद्याची बुबुळं तिरकी असतात. जिचा चेहरा नीट आलाय ती निवडायची संधी फक्त दुकानातच मिळते.

जांभळी नाक्याच्या घाऊक बाजारात नामांकित फिगर्सची अपेक्षा ठेवू नका. पण पायऱ्या, छोटे दिवे, किल्ल्याचे दरवाजे, गाई-बैल असं फळी सजवायचं सामान दिवाळीच्या आधी तिथे ढिगाने येतं. जुन्या खेळण्यांसाठी मुंबईचा चोरबाजार आहे, पण तिथे चांगली पारख झाल्यावरच जा.

खरी देवाणघेवाण होते ती जमवणाऱ्यांच्या आपापसांत. ठाणे आणि नवी मुंबईच्या लोकांना ट्रान्स हार्बर लाइन फार सोयीची पडते. ठाण्याच्या नऊ-दहा नंबर फलाटावर किंवा वाशी स्टेशनच्या इमारतीत भेटायचं, फिगर हातात घेऊन तपासायची, तिथेच यूपीआयने पैसे द्यायचे. अनोळखी माणसाला आगाऊ पैसे पाठवायचे नाहीत, तो कितीही गोड बोलला तरी. फोटो मागवाल तर फिगरशेजारी त्या दिवसाच्या तारखेची चिठ्ठी ठेवून मागवा.

उघडलेली फिगर म्हणजे 'लूज'. नव्या माणसाने लूज घ्यायला लाजू नये, कमी पैशांत फळी उभी राहते. फक्त जादा हात, शस्त्रं, टोपी, स्टँड यांतलं काय काय मूळ खोक्यात होतं त्याची यादी आधी काढा आणि जागेवर मोजून घ्या. हाताची एक जोडी हरवली की ती वेगळी मिळवताना जीव मेटाकुटीला येतो.

नकली कशी ओळखावी

माझी तिसरी फिगर नकली निघाली. एका ऑनलाइन विक्रेत्याकडे निम्म्या किमतीत दिसली आणि मी हुरळले. पार्सल उघडलं तर आधी वास आला, रॉकेलच्या चिंधीसारखा. चेहरा तेल लावल्यासारखा चकचकीत. ओठांचा रंग हनुवटीवर उतरलेला. गुडघा वाकवला तर तो तसाच लुळा लोंबला. तळपायावर कंपनीचं नाव आणि वर्ष कोरलेलं असतं, तिथे काहीच नव्हतं. फक्त घासल्यासारखा चट्टा. पैसे परत मिळाले नाहीत. ती फिगर मी फेकली नाही, शेजारी खरी ठेवून नव्या माणसांना फरक दाखवते.

तेव्हा बघायचं ते हे: तळपायावरचा किंवा पाठीवरचा शिक्का, खोक्यावरची छपाई आणि स्पेलिंग, रंगाच्या कडा, सांध्यांची पकड, वास. ड्रॅगन बॉल किंवा वन पीसची जपानी फिगर असेल तर खोक्यावर तोएई अ‍ॅनिमेशनचं चमकणारं होलोग्राम स्टिकर असतं. 'फर्स्ट कॉपी' असं कोणी अभिमानाने सांगितलं तर ती नकलीच आहे. आणि लहान मुलाच्या हातात नकली मुळीच देऊ नका, तिच्या रंगात काय आहे ते कोणालाच माहीत नसतं.

पहिल्यांदा उघडताना

घाई करू नका. ताटात किंवा पांढऱ्या टॉवेलवर उघडा, म्हणजे मटाराएवढी मूठ फरशीवर गडगडत सोफ्याखाली जाणार नाही. प्लास्टिकच्या पिशव्यांत चिकटलेली शस्त्रं आधी बाजूला काढा. मग एकेक सांधा हळू फिरवून बघा: खांदा, कोपर, मनगट, कंबर, गुडघा, घोटा.

एखादा सांधा अडकलेला असतो. कारखान्यात रंग ओला असताना जोडल्यामुळे तो आत चिकटतो. इथे जोर लावला की आतली खुंटी तुटते, आणि नव्या माणसाची फिगर बहुतेक वेळा इथेच मोडते. चहाचं पाणी ठेवतो तसं पातेल्यात पाणी तापवा, उकळी फुटायच्या आत गॅस बंद करा, आणि तो हात किंवा पाय अर्धा मिनिट पाण्यात धरा. प्लास्टिक मऊ होतं. फडक्यात धरून हळू फिरवा. आधी किंचित कुरकुर ऐकू येते, मग सांधा मोकळा होतो. खोक्यात वाकलेली तलवार अशीच सरळ होते: गरम पाण्यात बुडवली की ती आपोआप सैल पडते, बोटांनी सरळ करायची आणि लगेच गार पाण्यात टाकायची. गार पाण्यात टाकायला विसरलात तर संध्याकाळपर्यंत ती परत वाकते.

उलट सांधा फार सैल असेल तर सांध्यातली गोळी बाहेर काढून तिला फेविकॉलचा अगदी पातळ थर द्या, रात्रभर पूर्ण वाळू द्या, मग बसवा. ओला असताना बसवलात तर कायमचा चिकटला.

आपल्या हवेत जपायचं कसं

खाडीकाठी राहणाऱ्यांनी हे नीट वाचावं. फिगर्स बहुतेक पीव्हीसी आणि एबीएस या दोन प्लास्टिकच्या असतात. उन्हाने पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं, म्हणून पश्चिमेच्या खिडकीसमोर फळी नको. मे महिन्याच्या उकाड्यात एका पायावर उभी असलेली फिगर हळूहळू त्या बाजूला कलते. तिला स्टँड द्या. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं द्रव्य वर्षांनी बाहेर झिरपतं आणि फिगर हाताला चिकट लागते. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने धुवा, पंख्याखाली वाळवा. हवाबंद डब्यात वर्षानुवर्षं कोंडून ठेवलेल्यांना हे जास्त होतं, त्यामुळे कपाट बंद असलं तरी पंधरवड्यातून एकदा काच उघडून वारा खेळू द्या. नेलपॉलिश रिमूव्हर जवळही आणू नका, रंग आणि प्लास्टिक दोन्ही विरघळतं.

आणि एक गोष्ट आपल्याच घरांतली. रिकामी खोकी आपण माळ्यावर टाकतो आणि कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या ठेवतो. खोक्यात फिगर असेल तर ते करू नका. त्या गोळ्यांची वाफ काही प्रकारच्या प्लास्टिकला मऊ करते, पृष्ठभाग चिकट होतो आणि त्यावर पिशवीच्या सुरकुत्या उमटतात. त्याऐवजी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. नारिंगी दाण्यांच्या घेतल्या तर ओलावा भरल्यावर त्या हिरव्या पडतात आणि बदलायची वेळ कळते. जूनच्या आधी एकदा आणि गणपतीच्या सुमारास एकदा मी त्या बदलते.

घरचा माळा आधी शोधा

पहिली फिगर विकत घेण्याआधी हे करून बघा. ऐंशी-नव्वदच्या दशकात वाढलेल्यांच्या घरी काही ना काही सापडतंच. आपल्याकडे ही-मॅन 'लिओ'च्या नावाने मिळायचा, आणि जी. आय. जो फनस्कूल इथेच बनवायची. फनस्कूलने रंग बदलून काढलेले जी. आय. जो अमेरिकेतल्यांपेक्षा वेगळे दिसतात, म्हणून परदेशातले जमवणारे ते मुद्दाम शोधतात.

दादाचा एक जी. आय. जो नौपाड्याच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत सापडला, कमरेत दोन तुकडे झालेला. आई टाकायला निघाली होती. पण तो मोडलेला नव्हता. लहान मापाच्या या जी. आय. जोचं सगळं अंग आतल्या एका काळ्या रबरी रिंगने ओढून धरलेलं असतं, आणि वीस-तीस वर्षांत ते रबर कुजून तुटतं. पाठीवर एकच स्क्रू. चष्म्याच्या दुकानात असतो तसल्या बारीक स्क्रू ड्रायव्हरने तो काढला की छाती पुढे-मागे उघडते आणि हात मोकळे होतात. दोन्ही पाय एका धातूच्या आकड्यावर अडकलेले असतात. जुन्या रिंगचे तुकडे नमुन्याला नेऊन हार्डवेअरच्या दुकानातून तशीच ओ-रिंग आणली, काही रुपयांत. ती आकड्यात अडकवायची, कमरेच्या तुकड्यातून वर ओढायची, छातीतल्या खुंटीवर चढवायची, हात आणि डोकं जागेवर ठेवून पाठ बसवायची. स्क्रू पिळताना अगदी हलक्या हाताने, जुनं प्लास्टिक चिरतं. पहिल्या वेळी मला पाऊण तास लागला.

दादा पुढच्या रविवारी आला तेव्हा तो जी. आय. जो फळीवर उभा होता. त्याने उचलून कमरेतून फिरवला, गुडघा वाकवला, आणि विचारलं, "याची बंदूक कुठेय?" बंदूक अजून सापडलेली नाही. वहीत 'हवंय' असा एक रकाना आहे, तिथे ती पहिल्या ओळीत लिहिलेली आहे. तुम्हीही वही घाला: नाव, माप, कधी घेतली, कुठून, किती रुपयांना, सोबत काय काय होतं. घर बदलताना आणि विकताना याच यादीवरून मोजता येतं.